सॅडलबॅगसाठी घरी बनवलेला स्टँड (क्लासिक ३५०): मापं, खर्च आणि आधीची फजिती

नटबोल्ट | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, जानेवारीत आम्ही नवरा-बायको मोटरसायकलवरून नर्मदा परिक्रमेला निघतोय. चालत नाही, गुडघ्यांनी आधीच हात वर केलेत. गाडी २०१६ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, कार्ब्युरेटरवाली. दोघं बसल्यावर मागे सामान बांधायला जागा उरत नाही, म्हणजे ते दोन्ही कुशींनाच लटकवायचं. आजोबा बाजाराला जाताना खांद्यावर दोन तोंडांची पडशी टाकायचे, प्रकार तोच. फरक इतकाच की त्यांच्या पडशीखाली खांदा होता आणि आपल्या बॅगेखाली फिरतं चाक आणि तापलेला सायलेन्सर आहे. मध्ये लोखंडी चौकट हवीच.

हा माझा दुसरा स्टँड. पहिला दोन वर्षांपूर्वी घराजवळच्या ग्रिलवाल्याकडून करून घेतला होता. चार सूत गज, म्हणजे १२ एमएमची भरीव सळई. दोन्ही बाजूंना एकेक उलटा यू, वर शॉकअपच्या बोल्टाला धरलेला, खाली मागच्या फुटरेस्टच्या ब्रॅकेटला. दिसायला असा दणकट की शेजारी म्हणाला, यावर म्हैस बसेल. वजन पावणेसात किलो, रिकामा.

पुण्याहून गुहागरला निघालो, कुंभार्ली घाटाने. घाटात ही दोनदा म्हणाली, डावी बॅग हलतेय. मी दोनदा म्हणालो, रस्ता खराब आहे. मग म्हणाली, कसलातरी वास येतोय. मी म्हणालो, ट्रकचे ब्रेक. चिपळूणला चहाला थांबलो आणि डाव्या स्टँडवर वाकून पाहिलं तर शॉकअपच्या बोल्टाजवळ काळ्या रंगावर केसाएवढी तांबूस रेघ. मातीची असेल म्हणून नखाने खरवडली, तर नखाची कड आत गेली. तीन एमएमची पट्टी निम्म्याहून जास्त फाटली होती. वासाचा उलगडा उजवीकडे झाला. बॅगेचा खालचा कोपरा सायलेन्सरवर टेकून वितळला होता आणि आतल्या हिच्या स्वेटरला रुपयाएवढं भोक पडलं होतं. त्या स्वेटरचा विषय घरात अजून निघतो.

ग्रिलवाल्याचा दोष नव्हता. त्याचा वेल्ड शाबूत होता, चूक माझ्या चित्रात होती. पट्टी फाटली ती वेल्डच्या कडेला, जिथे जोड संपून नुसती पट्टी सुरू होते तिथे. वर एक बोल्ट, खाली एक बोल्ट, दोन्ही जवळपास एका उभ्या रेषेत. म्हणजे मी दाराला बिजागऱ्या लावल्या होत्या आणि कडी विसरलो होतो. प्रत्येक खड्ड्याला चौकट थोडी बाहेर-आत, बाहेर-आत. तार इकडे-तिकडे वाकवून तोडतो ना आपण, तसंच.

मग दिवाळीत मामाकडे गेलो, वाळवा तालुक्यात. सकाळी सहाला डेअरीवर दूधवाले आप्पा आले. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. हिशोब करा: चाळीस लिटर दूध म्हणजे एक्केचाळीस किलो, वर कॅनचं वजन. दोन्ही मिळून नव्वदीच्या पुढे. आणि आपण आठ-आठ किलोच्या बॅगांसाठी रडतोय! मी सरळ त्यांच्या गाडीमागे उकिडवा बसलो. आप्पांना वाटलं चाक बसलंय.

त्यांच्या स्टँडमध्ये मला तीन गोष्टी दिसल्या. नंबरप्लेटच्या खाली, चाकाच्या मागून, डाव्या चौकटीपासून उजव्या चौकटीपर्यंत एक आडवा गज. हीच ती कडी. दुसरं, कॅन लटकवलेला नाही, खाली कड्यावर ठेवलेला आहे. वरचा आकडा फक्त तो कलंडू नये म्हणून. तिसरं, लोखंडाला लोखंड जिथे घासतं तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मी विचारलं, किती वर्षं झाली? म्हणाले, "गाडी बदलली दोनदा, स्टँड त्योच हाय."

नवा स्टँड त्यावरून केला. बाहेरून १६ एमएम, दोन एमएम जाडीचा म्हणजे चौदा गेजचा काळा पाइप. सहा मीटरची एक लांबी पुरते. भवानी पेठेतून पाइप, बोहरी आळीतून नटबोल्ट. प्रत्येक बाजूला ३२ सेमी लांब, २४ सेमी उंच चौकट, कोपरे गोल. खाली बॅग टेकायला ८ सेमी रुंद ओटा, २५ बाय ३ च्या पट्टीचा. चौकटीला तीन आधार: शॉकअपचा वरचा बोल्ट, फुटरेस्टचं ब्रॅकेट आणि मागून आडवा पाइप. बोल्टाजवळ आता पाच एमएमची पट्टी आणि तिच्या पोटात त्रिकोणी तुकडा. वजन सगळं मिळून सव्वाचार किलो, म्हणजे पहिल्यापेक्षा अडीच किलो कमी.

उजवीकडे सायलेन्सर आणि ओट्यात सात सेमी अंतर ठेवलंय. हे अंतर भरलेली बॅग ओट्यावर ठेवून मोजा, रिकाम्या स्टँडवर नाही. पहिल्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं. बॅगांसकट मागची रुंदी हँडलच्या रुंदीच्या आत ठेवलीय. पुढचं निघालं तिथून मागचंही निघतं, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

डावी चौकट उजवीपेक्षा दोन सेमी मागे आहे. मुद्दाम. त्याचं नंतर लिहितो, आता झोप येतेय.

अर्धा_कटिंग | १२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

फोटो कुठायत? फोटोशिवाय धागा म्हणजे मीठ नसलेली आमटी. आणि खर्च शीर्षकात आहे, धाग्यात नाही.

नटबोल्ट | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

फोटो चढत नाहीयेत, पुन्हा बघतो. खर्च: पाइप, पट्टी, बोल्ट, रंग मिळून हजाराच्या जरा वर. वेल्डिंग मेव्हण्याच्या मशीनवर स्वतः केलं, त्यामुळे मजुरी मिसळपाववर भागली. बाहेर करून घेतलात तर मजुरी मालापेक्षा जास्त जाईल.

कऱ्हाडचा_गडी | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

लेख आवडला पण एक पटलं नाही. आप्पांचा स्टँड कशाचा होता? गजाचा. तुम्ही त्यांची अक्कल घेतली आणि माल बदलला. आमच्याकडे दूधवाले, भाजीवाले, गॅस सिलिंडरवाले सगळे गजच वापरतात. पाइप पोकळ तो पोकळच. गाडी एकदा आडवी झाली की चेपला. गज वाकला तर दगडावर ठोकून सरळ होतो.

नटबोल्ट | १३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

@कऱ्हाडचा_गडी, दादा, आकडेच मांडतो. सळईचं वजन काढायचं सूत्र सेंटरिंगवाल्यालाही पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. १२ एमएम म्हणजे १४४ भागिले १६२, मीटरला ०.८९ किलो. पाइपला बाहेरच्या व्यासातून जाडी वजा, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४७. माझ्या पाइपला मीटरला ०.६९ किलो. म्हणजे पाइप हलका. आता वाकायला कोण जास्त विरोध करतं? तिथे व्यासाचा चौथा घात लागतो. १२ च्या गजापेक्षा १६ चा हा पोकळ पाइप दुपटीहून थोडा जास्त ताठ आहे. मधलं लोखंड वाकण्याला फारसा विरोध करतच नाही, नुसतं ओझं.

पण तुमचं दुसरं म्हणणं शंभर टक्के खरं. गज कुठल्याही गावात, कुठल्याही रॉडने, कुणीही जोडतो. पातळ पाइपला हात सराईत नसेल तर भोक पडतं. आप्पांना रोज दूध घालायचंय, त्यांना दुरुस्ती पाच मिनिटांत हवी. त्यांच्यासाठी गजच बरोबर.

कऱ्हाडचा_गडी | १३ नोव्हेंबर, दुपारी १:४०

चौथा घात बघून माझा दहावीचा पेपर आठवला. मान्य. तरी मी गजच वापरणार.

ठिणगी | १३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

वीस वर्षं हाच धंदा करतोय, म्हणून चार गोष्टी. लोक वाचून घरी मशीन लावतील, त्याआधी.

पहिली: पाइप काळाच घ्या, हे लेखकाने बरोबर केलंय. पांढरा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला प्लंबिंगचा पाइप घरात पडलेला असतो म्हणून लोक तोच उचलतात. वेल्ड करताना त्याचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, माणसाला वाटतं मलेरिया झाला. आमच्या शॉपवर नवा पोरगा आला की एकदा तरी हे होतंच. वापरायचाच असेल तर जोडापासून दोन्हीकडे चार बोटं मुलामा ग्राइंडरने काढा आणि उघड्यावर बसा.

दुसरी: दोन एमएमच्या पाइपला बारा नंबरचा रॉड, म्हणजे अडीच एमएम, साठ-सत्तर ॲम्पिअरच्या आसपास. एका दमात गोल फिरवायचा नाही. टॅक (म्हणजे नुसता ठिपक्याएवढा जोड) मारा, समोर टॅक मारा, थंड होऊ द्या, मग थोडं थोडं. सलग मारलंत तर चौकट केळ्यासारखी वळेल आणि बोल्टाची भोकं जुळणार नाहीत. मग लोक ती भोकं कानशीने लांबट करतात, तिथूनच खडखड सुरू होते. कीट, म्हणजे वेल्डवर जमलेली खपली, झाडून जोड बघायचा, झाडल्याशिवाय रंग लावायचा नाही. बऱ्याच वेळा कीटच चकाकत असतं आणि आपल्याला वाटतं काय भारी वेल्ड बसलाय.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: गाडीवर फक्त टॅक. पूर्ण वेल्ड गाडीवरून काढून जमिनीवर. टॅक मारतानाही बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. फ्युएल इंजेक्शनवाली गाडी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टरपण काढा. अर्थिंगची पक्कड टॅक मारताय त्याच तुकड्याला लावा, पुढच्या फोर्कला नाही. नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. आणि टाकी काढून लांब ठेवा. ठिणगीला ब्रँड कळत नाही.

चौथी: दोन्ही टोकं बंद केलेला पाइप वेल्ड करू नका, आतली हवा तापून शेवटच्या भोकातून वितळलेलं लोखंड उडवते. खालच्या बाजूला तीन एमएमचं भोक पाडून ठेवा, पावसाचं पाणीही निघून जातं.

नटबोल्ट | १३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

ठिणगी भाऊ, दंडवत. चौथी गोष्ट मी दैवाने केली होती, अकलेने नाही. भोक बोल्टासाठी पाडलं होतं आणि चुकीच्या जागी पडलं होतं.

शिकाऊ_फिटर | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:००

पाइप वाकवला कसा? माझा दोन वेळा कोपऱ्यात चपटा झाला. आतल्या बाजूला सुरकुती पडते.

नटबोल्ट | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

वाळू भरून. बारीक वाळू चाळायची आणि कढईत भाजायची. हो, भाजायचीच. ओल राहिली तर पाइप तापवल्यावर वाफ होते आणि टोकाचं बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. मी जुनी कढई घेतली होती, तरी त्यावरून ऐकून घेतलंच. एका टोकाला लाकडी खुंटी ठोका, वाळू भरताना पाइप जमिनीवर आपटत राहा, भरला वाटला की अजून मूठभर जाते. मग दुसरी खुंटी. कोपऱ्याची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिप्पट तरी ठेवा, १६ च्या पाइपला पाच सेमी. मी लोखंडी पुली शिकंज्यात धरून तिच्याभोवती गॅसवर लाल करून वाकवला.

आणि एक. पाइपला आत बोटाला लागणारी उभी शिवण असते. ती वळणाच्या बाहेर किंवा आत येऊ देऊ नका, कडेला ठेवा. बाहेर आली तर ताणून उसवते. माझा पहिला कोपरा असाच गेला.

वाकवायच्या आधी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा कापा, गाडीला सेलोटेपने चिकटवा आणि आठवडाभर तसेच हिंडा. मी ऑफिसला गेलोय पुठ्ठ्यासकट. वॉचमनने विचारलं, डिलिव्हरीचं काम घेतलं का साहेब?

मागची_सीट | १४ नोव्हेंबर, रात्री १०:००

सगळा धागा वाचला. सूत, गेज, घात सगळं झालं. मागे बसणाऱ्या माणसाचं माप कुणी घेतलंय का?

मी गेली नऊ वर्षं मागे बसतेय आणि दोन वर्षांपासून स्वतःची गाडीही चालवते, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. नवऱ्याच्या पहिल्या स्टँडवर बॅग इतकी पुढे होती की फुटरेस्टवर माझं अर्धं पाऊलच मावायचं. टाच बॅगेला, गुडघे त्याच्या बरगड्यांना. दोनशे किलोमीटरनंतर पोटऱ्यांत गोळे आले. नाणेघाटाच्या पायथ्याशी मी गाडीवरून उतरलेच नाही, मला उचलून ठेवावं लागलं.

तर टॅक मारून झाला की फुल वेल्डच्या आधी मागच्या माणसाला बसवा. चपलेवर नाही, प्रवासात घालणार तो बूट घालून. रेनकोटची पँट चढवून. पाय टाकून बसायला आणि उतरायला दहा वेळा सांगा. मग ठोका काय ठोकायचं ते.

नटबोल्ट | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

ताई, हे वाचून घरातून "बघ, बघ" असा आवाज आला.

कलम_आणि_कागद | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

गंमत चालू द्या, पण कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला पक्की मूठ, पायाला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे मागच्या माणसाचे कपडे चाकात जाणार नाहीत. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. स्टँड बसवताना सगळ्यात आधी लोक तेच काढून फेकतात. तुमच्या चौकटीने चाक तेवढं झाकलं जात नसेल तर जाळी लावा. नियम बाजूला ठेवला तरी ओढणी चाकात गेली की काय होतं हे एकदा पाहिलेला माणूस ते गार्ड काढणार नाही.

दुसरं, २०२० मध्ये मोटरसायकलवरच्या हलक्या डब्यासाठी मापं ठरवली गेली: लांबी ५५० मिमी, रुंदी ५१०, उंची ५००. डबा मागच्या सीटच्या जागी बसवला तर दुसरा माणूस बसवता येत नाही, सीटच्या मागे असेल तर येतो. तुमच्या कापडी बॅगा म्हणजे तो डबा नव्हे, पण कुणी वर टपावर पेटी ठोकणार असेल तर लक्षात असू द्या. बाकी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे. म्हणून चासीला भोक पाडू नका, चासीवर वेल्ड करू नका. सगळं बोल्टावर, पाना घेऊन वीस मिनिटांत निघालं पाहिजे. इंडिकेटर, टेललॅम्प आणि नंबरप्लेट मागून सरळ दिसायला हव्यात.

नटबोल्ट | १५ नोव्हेंबर, दुपारी २:००

साडी गार्ड तसाच ठेवलाय, चौकट त्याच्या बाहेरून आहे. इंडिकेटर मात्र बॅगेआड जात होते. दोन्ही आडव्या पाइपवर आणले. वायर वाढवताना जोड सोल्डर केला, टेप गुंडाळून सोडून दिला नाही.

ऑनलाइन_मागवा | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

एवढा उपद्व्याप कशाला? बाजारात रेडिमेड मिळतात, तासाभरात बसतात. वेळेलाही किंमत असते.

नटबोल्ट | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

मिळतात आणि बरेच चांगलेही असतात. माझ्या मित्राने आणला, छान बसलाय. पण मी घरी दोन बघितले, त्यात बॅग नुसती बाहेर ढकलून धरायचा गज होता, खाली टेकायला काही नाही. आप्पांच्या भाषेत लटकवलेलं. मला ओटा हवा होता. आणि खरं सांगू का, रविवारी ग्राइंडर फिरवायला कारण लागतं.

कोकणी_गंज | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:००

रंग कुठला? आमच्याकडे मालवणात खारा वारा, साधा रंग एका पावसात फुगतो. पावडर कोटिंग करून घ्या, डोळे झाकून.

ठिणगी | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

पावडर भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजतात, त्यामुळे खारट हवेत टिकते हे खरं. पण नव्या, घरी केलेल्या स्टँडला पहिलं वर्ष साधाच रंग. रेड ऑक्साइड, वर दोन हात काळा. याच धाग्यात वर चिपळूणची तांबूस रेघ वाचलीत ना? साधा रंग लगेच तडकतो, म्हणून ती दिसली. पावडरचा थर रबरासारखा, आतलं लोखंड फाटलं तरी वर काही दिवस गुळगुळीत. वर्षभर चालवा, कुठे रेघ आली नाही तर मग खुशाल पावडर करा.

कोकणी_गंज | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

ह्या असा कधी मनात इला नाय. बरोबर.

घाटमाथा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:००

स्टँड झाला, आता भरायचं कसं त्यावर कुणीतरी बोला. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाची गाडी ऐंशीच्या पुढे गेली की मागून शेपूट हलवल्यासारखी डुलायची. चाक उघडलं, बेअरिंग बदललं, काही नाही. शेवटी बॅगा उघडल्या. डावीकडे कपडे, उजवीकडे सगळी हत्यारं, साखळी-कुलूप आणि दोन लिटर पाणी. तेही बॅगेच्या मागच्या टोकाला.

जड वस्तू खाली आणि पुढे, मागच्या आसाच्या जितक्या जवळ तितकं बरं. दोन्ही बॅगा ताणकाट्याला लावून बघा, अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक ठेवू नका. मागच्या टायरची हवा मॅन्युअलमधल्या डबलसीटच्या आकड्याला. आणि शॉकअपच्या खाचा विसरू नका, तुमच्या गाडीला पाच आहेत. भरायचं ते मेन स्टँडवर. साइड स्टँडवर एक बॅग भरून चहाला गेलेल्या माणसाची गाडी मी आडवी झालेली पाहिलीय.

नटबोल्ट | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

नोंद केली. चौथी खाच लावतो. बोल्ट सगळे एम-८, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा कोरलेले, नायलॉक म्हणजे आत नायलॉनची कडी असलेल्या नटांसकट. फक्त शॉकअपच्या स्टडला कंपनीचाच नट परत लावलाय. तिथे पट्टीची जाडी वाढल्याने नट पूर्ण बसतो का ते बघा, नटाबाहेर दोन आटे तरी दिसले पाहिजेत. आवळल्यावर नटापासून पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढलीय. रेघ मोडली की नट फिरला. नेलपॉलिश हिच्याकडून रीतसर मागून घेतलं, स्वेटरनंतर मी काही न विचारता घेत नाही.

नटबोल्ट | २ फेब्रुवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. परवा परत आलो. पुणे ते पुणे ४,२०० किलोमीटरच्या आसपास. ओंकारेश्वरहून उचललं, शहाद्यावरून भरूचकडे, मग उत्तर तटाने महेश्वर करत अमरकंटक आणि दक्षिण तटाने परत. मैया सतत उजव्या हाताला, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला. ही म्हणाली, तिला धूर देत परिक्रमा केलीस.

स्टँडचं सांगतो. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून सगळे नट पाहिले, दोन रेघा मोडल्या होत्या. आवळून नव्या रेघा ओढल्या, त्या परत येईपर्यंत शाबूत. रंगावर कुठेही तांबूस रेघ नाही, भिंगाने पाहिलंय. पण दोन गोष्टी चुकल्या. ओट्याच्या पट्टीची कड मी कानशीने पुरेशी मारली नव्हती, तिने डाव्या बॅगेचं बूड कापत आणलं. महेश्वरला पंक्चरवाल्याकडून ट्यूब मागून गुंडाळली. आप्पांची तिसरी गोष्ट मी लिहिली होती, केली नव्हती. दुसरं, आडवा पाइप चाकाच्या फार जवळ आला होता. अमरकंटकच्या अलीकडे चिखलात मडगार्ड आणि पाइपच्या मध्ये माती घट्ट बसली, काडीने टोकरून काढली. तो अजून चार सेमी मागे हवा. या रविवारी कापणार.

गाडी एकदा आडवीही झाली, उभ्या-उभ्या, एका आश्रमाच्या अंगणात. पाइप चेपला नाही, @कऱ्हाडचा_गडी. ओट्याचा एक कोपरा बोटभर वाकला, तो दगडावर ठोकूनच सरळ केला. तेव्हा तुमची आठवण काढली.

कऱ्हाडचा_गडी | २ फेब्रुवारी, रात्री ९:५०

उचकी लागली होती खरी. नर्मदे हर!

शिकाऊ_फिटर | ३ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

माझा पण झाला तयार, भाजलेल्या वाळूने. पण डावी चौकट दोन सेमी मागे का, ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलंच नाहीत. मी तुमच्याच मापाने केलाय आणि आता लोक विचारतात वाकडी का बसवली.

नटबोल्ट | ३ फेब्रुवारी, दुपारी १:०५

अरेरे. ते फक्त आमच्या घरचं माप आहे. हिचा उजवा गुडघा पूर्ण दुमडत नाही. त्यामुळे ती नेहमी डावीकडून, डाव्या पायावर फुटरेस्टवर उभी राहून मग उजवा पाय पलीकडे टाकते. तेव्हा तिचं सगळं पाऊल फुटरेस्टवर सपाट लागतं, टाचेसकट. पुठ्ठ्याच्या साच्यावर तिने तीनदा टाच मारली, तो दाबला गेला तिथे मी खडूने रेघ मारली आणि चौकट रेघेच्या मागे घेतली. ते दोन सेमी आलं. तुम्ही तुमच्या माणसाला बसवून बघा, वाटलं तर सरळ करून घ्या. शॉकअपकडची पट्टी दोन सेमी आखूड कापली की काम झालं.

मागची_सीट | ३ फेब्रुवारी, दुपारी १:३०

वहिनींना विचारा, स्वेटर नवा घेतला का?

नटबोल्ट | ३ फेब्रुवारी, दुपारी १:३२

महेश्वरला साडी घेतली. स्वेटर बाकी आहे म्हणे.